डोक्यातलं रोप

माझ्या डोक्याच्या आजारावर बोलायला सगळ्यांना आवडतं, फक्त मला कुणी विचारत नाही. दिवाळीला रुपाली पुण्याहून तिसगावला आली, तेव्हाही तेच झालं. माझी ही धाकटी बहीण प्रयोगशाळेत काचेच्या बशीत मूळपेशी वाढवते, आणि त्यांच्यापासून मेंदूच्या नव्या पेशी तयार होतात. जेवताना ती म्हणाली, मी घेतो तेच औषध बशीत घातलं तर नव्या पेशी कमी उगवतात.

आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, घास हातातच राहिला. त्यांची कांद्याची रोपवाटिका आहे. तणनाशक उडालं की रोप कसं जळतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं.

"म्हंजी ह्या कानिफच्या डोस्क्यात नवं काय उगवतच न्हाई?"

"आबा, बशी म्हंजी मानूस न्हाई. असल्याच दुसऱ्या औषधानं पेशी वाढल्यात बी. गोळी बंद करू नका हां."

आबांनी हवं तेवढंच ऐकलं. रुपाली गेली आणि त्यांनी माझ्या सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या. उकिरड्यावर टाकल्या असत्या तर खतातून रोपाला लागल्या असत्या ना!

मला तर आनंदच झाला. गोळीनं जड झालेली जीभ हलकी झाली, हातांची थरथर थांबली, कांदालावणीला आलेल्या बायकांशी मी चक्क थट्टा केली. "फुटवा आला बग," आबा म्हणाले. इतकं खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग वाफ्यांतून आवाज यायला लागले. आज रोपांना विष, उद्या तुला. मी आबांना सांगितलं. शपथेवर सांगतो, सांगितलं.

"नवं फुटतंय, तरास व्हनारच. जरा सोस."

मी सोसलं. एका सकाळी आबा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन माझ्याकडे यायला लागले, आणि मी फावडं उचललं.

आबा वाचले, पण आता कुणाला धड ओळखत नाहीत. मी दवाखान्यातून घरी आलो, तो गोळी पुन्हा सुरू करूनच. रोज सकाळी आबांना मीच भरवतो. ते मला पाहुणा समजतात आणि अदबीनं तोंड उघडतात. माझा जीव तुटतो, पण डोळ्यांत पाणी येत नाही.

काल खाता खाता ते थांबले.

"पावनं, माझा कानिफ कुटं दिसला का? बरा हाय का त्यो आता?"

"व्हय," मी म्हणालो. "लई बरा हाय."