सुई कुणाची?

मित्रांनो, मी एक जुनी हातगाडी आहे. कचऱ्याची. नाक मुरडू नका, आज मला साबणाने धुतले आहे.

एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. लोखंडी सांगाडा, वर जाड पत्रा, खाली तीन चाके आणि दांड्याला एक घंटा. पत्र्यावर दोन मोठे डबे ठेवले, हिरवा ओल्या कचऱ्यासाठी आणि निळा सुक्यासाठी. नवी होते तेव्हा लोक मला बघायला गॅलरीत येत. पुढे पुढे मी दिसले की खिडक्या लावून घेऊ लागले. मला ढकलणाऱ्या पहिल्या दोन माणसांनी तर मला लाथेनेच वळवले. मग एक बाई कामावर आली. तिने पहिल्याच दिवशी माझ्या चाकांना तेल घातले. गल्लीतली मुले तिला घंटाताई म्हणू लागली. मीही तेच म्हणते, अर्थात मनातल्या मनात.

ज्या दिवसाची गोष्ट मला सांगायची आहे, त्या दिवशी घंटाताईचे बाळ पाच महिन्यांचे होते. त्याला सासूबाईंजवळ ठेवून ती कामावर यायची आणि दुपारी धावतपळत घरी जाऊन त्याला पाजायची. सकाळचे दहा वाजले होते. कोपऱ्यावरच्या बारा घरांच्या इमारतीचा कचरा घेऊन ती निळ्या डब्यातला कागद वेगळा करत होती. वर्तमानपत्राची एक सुरळी तिने दाबली आणि एकदम हात मागे घेतला.

"आई गं!"

हातमोजा होता, पण सुईपुढे रबर कसले टिकते? तिने मोजा काढला. अंगठ्याजवळ रक्ताचा एक थेंब होता. सुरळीतून इंजेक्शनची बारीक सुई बाहेर आली होती.

तिच्या कामावर देखरेख करणारा मुकादम पलीकडेच उभा होता. बोलायला तो फटकळ, पण त्या क्षणी त्याच्याही तोंडचे पाणी पळाले. "पिळू नकोस, चोखू नकोस. नळाखाली धर, साबण लाव. आणि चल दवाखान्यात, गाडी घेऊनच चल."

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. मी पायरीशी उभी राहिले. घंटाताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" मुकादमाने विचारले.

"सुई कुणाची ते कळलं पाहिजे म्हणाल्या. त्या माणसाला रक्तातून पसरणारा आजार असला तर मला होऊ शकतो. त्याचं रक्त तपासून बघायचंय. एकच्या आत माणूस आणा, मग तपासणी बंद होते. नाहीच सापडला तर आजच औषध सुरू करायचं, महिनाभर." ती थांबली. "आणि खात्री होईपर्यंत बाळाला अंगावर पाजायचं नाही. साहेब, ते दुसरं काही तोंडातसुद्धा घेत नाही हो."

मुकादमाने माझा दांडा धरला आणि मला वळवले.

आम्ही इमारतीखाली आलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. मुकादमाने घंटा वाजवली. अवेळी घंटा ऐकून काहीजण डबे घेऊनच गॅलरीत आले.

"कचरा नको!" मुकादम ओरडला. "सकाळी सुक्या कचऱ्यात सुई कुणी टाकली? या बाईला टोचलीय. आम्हाला भांडायचं नाही, फक्त माणूस पाहिजे!"

गॅलरीतले डबे मागे सरकले.

"आमच्याकडे कुणी आजारी नाही," एका घरातून आवाज आला.

"हल्ली रस्त्यावरून जाणारेही टाकतात हो," दुसऱ्या घराने हात झटकले. कुणीतरी हसून म्हणाले, "सापडली ना? मग जपून ठेवा, बटण लावायला होईल." दारे एकामागून एक बंद झाली.

घंटाताई जिना चढली. तिने बाराही दारांवर थाप मारली. "खरं सांगा हो, मी कुणाला बोल लावत नाही," हेच वाक्य मला प्रत्येक मजल्यावरून ऐकू येत होते. दर वेळी तिचा आवाज थोडा खाली जात होता. ती परत आली आणि माझ्या पत्र्याला टेकून उभी राहिली. बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. तिची ओढणी पुढून ओली झाली होती. बाळाची दूध प्यायची वेळ टळून गेली होती.

तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी आजोबा खाली उतरत होते. साऱ्या गल्लीची घड्याळे त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केली होती. आता हात थरथरत असत. त्यांच्यामागून त्यांची सून उतरत होती. थोड्या वेळापूर्वी तिनेच दार लावून घेतले होते.

"बाबा, नका ना जाऊ. उगाच आपल्यावर येईल."

"आपल्यावरच यायला हवं," आजोबा म्हणाले. ते घंटाताईसमोर आले. "पोरी, सुई माझी. मी साखरेसाठी रोज टोचून घेतो. मी बाथरूममध्ये होतो, आत्ता कळलं मला. कागदात गुंडाळली म्हणजे काळजी घेतली, असं वाटायचं. वर्षभर तसंच टाकतोय. माझं चुकलं."

रागवायला वेळ नव्हता. "दवाखान्यात चला," मुकादम म्हणाला. पण आजोबांची दोन पावलेही लवकर पडेनात. गल्लीत एकही वाहन दिसेना. मुकादमाने माझ्याकडे पाहिले आणि भराभर दोन्ही डबे खाली उतरवले.

"अहो, कचऱ्याच्या गाडीत बसवणार त्यांना?" सून कळवळली.

"कचरा माझाच आहे," आजोबा म्हणाले आणि माझ्यावर बसले.

मित्रांनो, आयुष्यात मी एवढी धावले नव्हते. मुकादम ढकलत होता, घंटाताई एका बाजूने आजोबांना धरत होती, दुसऱ्या बाजूने सून. वळणावर माझे पुढचे चाक गटाराच्या जाळीत अडकले. "उचला!" तिघांनी मला आजोबांसकट उचलले. मला वाटले, आता माझा सांगाडा तुटणार. तुटला तर तुटो, पण पायरीपर्यंत तुटू नको, असे मी स्वतःला बजावत राहिले.

एकला दहा मिनिटे असताना आम्ही पोहोचलो. आजोबांचे रक्त घेतले. मग सारे बाहेर थांबले. निरोप मिळून सासूबाई बाळाला घेऊन आल्या होत्या, ते भुकेने किंचाळत होते. घंटाताईने त्याला घेतले नाही. हात पाठीमागे बांधून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सून तिच्याजवळ गेली आणि तशीच परत आली. मुकादम माझ्या चाकाशी बसून नसलेली घाण काढत होता.

दार उघडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबांचं रक्त चांगलं आहे. औषध नको. तुझी तपासणी आपण काही आठवड्यांनी पुन्हा करू. पण बाळाला घे, पाज त्याला."

घंटाताई माझ्यावरच बसली, बाळाला ओढणीखाली घेतले, आणि मगच रडली. सून तिच्यापुढे आपली ओढणी धरून उभी राहिली, रस्त्यावरच्या लोकांकडे पाठ करून.

आता आजोबा सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकतात. बाटली भरली की झाकण घट्ट लावून, वर ठळक अक्षरांत 'सुया' असे लिहून सून ती दवाखान्यात पोहोचवते. त्या इमारतीतून हल्ली फुटलेली काच खोक्यात येते, संपलेले सेल वेगळे येतात. सगळीच घरे सुधारली असे मी म्हणणार नाही. परवाच एका पिशवीत दाढीचे पाते निघाले.

माझा पत्रा आता गंजला आहे. लवकरच मोटारीची गाडी येईल आणि मला भंगारात जावे लागेल. त्याचे दुःख नाही, माझेही लोखंड वितळून दुसऱ्या कामी येईल. पण मित्रांनो, मोटारीच्या गाडीतला कचराही कुणीतरी हातानेच वेगळा करणार आहे. तेव्हा आज डब्यात काही टाकण्याआधी क्षणभर थांबा. काच असेल, सुई असेल, पाते असेल, तर ते वेगळे ठेवा आणि वर तसे लिहा. त्या हाताची घरी कुणीतरी वाट पाहत असते.