बटण नसलेला पियानो

"काळी चार दे बाळा," मंगलताई म्हणाल्या आणि डोळे मिटून गायला उभ्या राहिल्या.

उत्कर्षाचा हात पियानोच्या उजव्या कडेला गेला. मग डाव्या कडेला. मग तिनं वाकून पट्ट्यांच्या खाली पाहिलं.

"काय हरवलं?" नानासोंनी विचारलं.

"बटण."

"कसलं बटण?"

"स्केल बदलायचं," उत्कर्षा म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळून चुकलं की या लाकडी कपाटाला बटण नसतं.

तबल्यावरचा माणूस फिस्सकन हसला. मंगलताईंनी डोळे उघडले. नानासोंनी मात्र कपाळाला हात लावला. सांगलीत विजेच्या सामानाचं दुकान चालवून उरलेला सगळा जन्म संगीत नाटकांवर उधळलेला हा माणूस. यंदाच्या स्पर्धेला त्यांनी नवंकोरं नाटक बसवलं होतं. त्यात नायिकेच्या दिवाणखान्यात खराखुरा पियानो होता आणि नायिका गाते तेव्हा तिची धाकटी बहीण तो वाजवते, असा प्रवेश होता. नायिका पन्नाशी ओलांडलेल्या मंगलताई. संगीत नाटकात वय गळ्याचं बघतात, चेहऱ्याचं नाही. पियानो मिरजेच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बंगल्यातून हातापाया पडून आणलेला. आणि बहीण निवडली ती मोबाइलवर आलेल्या व्हिडिओवरून. त्यात या मुलीनं एक जुनं नाट्यपद असं काही वाजवलं होतं की मंगलताई ऐकताक्षणी म्हणाल्या, हीच पाहिजे. व्हिडिओत बोटं दिसत होती, बटण दिसत नव्हतं.

यात पोरीचा दोष म्हटला तर आहे, म्हटला तर नाही. कवठे महांकाळला तिच्या मामांची, आप्पासोंची, बेंजो पार्टी आहे. हळद म्हणू नका, वरात म्हणू नका, गणपती म्हणू नका, टेम्पोवर कर्णे बांधून मामा हजर. पोर लहान असतानाच त्यांनी तिला कीबोर्डसमोर बसवलं आणि कानात मंत्र दिला, "समदं पांढरी एकमधनं वाजवायचं. गाणाऱ्याचा सूर वर असू दे न्हाईतर खाली, आपन बटन दाबायचं. बोटं हालवायची न्हाईत, मशीन हालतंय." या मंत्रावर त्या मुलखातले निम्मे वादक संसार करतात. उत्कर्षाच्या कीबोर्डवरच्या पांढऱ्या पट्ट्या झिजून पिवळ्या पडल्या होत्या. काळ्या पट्ट्यांना कोमल स्वरांपुरतं बोट लागायचं, बाकी त्या दुकानातून आल्यासारख्या चकचकीत.

पण बेंजो पार्टीत वाढून पोरीचं मन तिथं रमलं नाही. दिवसा मिरजेतल्या एका लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने घ्यायची आणि जाता-येता बसमध्ये कानात तार घालून जुनी नाट्यपदं ऐकायची. सिनेमातला तर तिला एकच प्रसंग प्यारा. श्रीमंतांची पार्टी चाललीय, कुणीतरी पियानोशी बसतो आणि गाण्यातून आपली तक्रार मांडतो. अशा माणसाचं लग्न मनातल्या माणसाशी सहसा होत नाही, हे हिंदी सिनेमाचं शास्त्र तिला पाठ होतं, तरी तिला त्या माणसाच्या जागीच बसायचं होतं. नाटक, सिनेमा आणि पियानो, तिन्ही वेडं एकाच स्टुलावर बसलेली तिला इथं सापडली होती. आणि आता बटण सापडत नव्हतं.

"पुढच्या रविवारी परत बघू," नानासो म्हणाले. "जमलं तर तू. न्हाई जमलं तर इस्लामपूरचा यशराज कीबोर्ड घेऊन विंगेत बसेल. मला स्पर्धा हाय गं. राग मानू नको."

राग कसला मानते? तिला रडू येत होतं. ती बसस्टँडपर्यंत चालत गेली आणि तिथं बाकावर बसून मांडीवर बोटं आपटत राहिली.

काळी चार म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरायचा. मग सगळं सप्तक असं पडतं: दोन काळ्या, एक पांढरी, दोन काळ्या, दोन पांढऱ्या. तो आठवडाभर तिच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. टेबलावर, बसच्या दांडीवर, जेवणाच्या ताटावर तिची बोटं चालायची. लॅबमध्ये एका म्हाताऱ्याचा दंड बांधताना ती पुटपुटली तसं त्यानं घाबरून विचारलं, "बाय, माज्या रक्तात काळ्या-पांढऱ्या काय मोजतीस?"

"तुमी मूठ आवळा आजोबा."

घरी आई, हरणाबाई, शेळ्यांना पाला टाकता टाकता हे बघत होती. वडील मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरलेले, त्यामुळं घरात दोघीच. आईनं पियानो कधी बघितलेला नव्हता. तिनं एकदाच विचारलं, "त्येला बाजाच्या पेटीगत भाता असतोय व्हय?"

"न्हाई गं. आत तारा असत्यात. पट्टी दाबली की हातोडी तारंवर पडती."

"एवढी खटपट? मग वाजत आसंल ग्वाड," आई म्हणाली आणि पाल्याकडं वळली.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते मात्र शुक्रवारी खरं झालं. मामांना ढालगावला हळदीची सुपारी होती. उत्कर्षाला वाटलं, सरावाला एवढा वेळ पुन्हा कुठं मिळणार? तिनं बटणाला हात न लावता नाचाचं गाणं सरळ काळी चारमधून सुरू केलं. बेंजोवाला आपल्या नेहमीच्या सुरात, ही भलत्याच सुरात. नवऱ्याचे मित्र हात वर करून नाचत होते ते हात तसेच ठेवून थांबले. मामा धावत आले आणि सवयीनं त्यांनी आधी बटण दाबलं. त्यामुळं सूर होते त्याहून आणखी तिसरीकडं गेले. नवऱ्याच्या आत्यानं हळदीचा हात कानावर ठेवला.

"लोकांची हळद हाय का तुजी शाळा हाय?" मामा गाणं संपल्यावर टेम्पोमागं नेऊन ओरडले. "बटन असताना बोटं मोडून घ्याची ही कसली हौस? माज्या पार्टीची अब्रू घालवलीस पोरी!"

"मामा, तितं बटन न्हाई."

"मग तितं जाऊ नगं!"

मामांचंही खोटं नव्हतं. त्या हळदीनंतर पुढची सुपारी त्यांनी तिच्याविना केली. तिला वाईट वाटलं आणि मोकळंही वाटलं.

रविवारी ती सांगलीला पोचली तेव्हा बोटांना काळी चार पाठ झाली होती. डोळे मिटून, उलटी, सुलटी, कशीही. हॉलमध्ये शिरताना तिच्या छातीत धडधडत होतं, पण ते परीक्षेआधी अभ्यास झालेल्या पोराचं धडधडणं होतं. ती स्टुलावर बसली. चौथ्या काळ्या पट्टीवर बोट टेकवलं.

मंगलताई शाल गुंडाळून आल्या. घसा खाकरला. "आज आवाज बसलाय गं," त्या म्हणाल्या. "अर्धा उतरू या. पांढरी पाच घे."

खरं म्हणजे पांढरी पाच सोपी. सात सुरांत एकच काळी पट्टी. उत्कर्षाच्या डोक्याला ते ठाऊक होतं, पण बोटं डोक्याचं ऐकतील तर ना. ती आठवडाभर मार खाऊन काळ्यांवर चढायला शिकली होती, ती पुन्हा पुन्हा काळ्यांवरच चढत राहिली. पहिली ओळ मोडली. दुसरी मोडली. मंगलताई दोनदा थांबल्या, तिसऱ्यांदा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, काळी चार म्हणा ना एकदा," उत्कर्षा म्हणाली. "एकदाच. मला येतंय."

"आगं, आज जात न्हाई माझा गळा तिथवर."

"गाणारा म्हणंल तिथं जावं लागतंय बाळा," नानासो म्हणाले. "संगीत नाटक हाय हे. प्रयोगादिवशी ताईंचा गळा कसा असंल, कोण सांगणार?" मग अवघडून त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. यशराज विंगेत बसून वाजवेल. पण रंगमंचावर पियानोशी बसायला कुणीतरी लागेल, आणि पट्ट्यांवर हात कसा ठेवायचा हे या मुलीइतकं कुणाला जमणार नाही. बसशील का नुसती?

नुसती. तो शब्द तिला लागला, फार लागला. उठून जावं असं मनात आलं. पण उठून गेलं की पियानो पुन्हा कुठं दिसणार होता? ती "बसते" म्हणाली.

स्पर्धेतला प्रयोग दुपारचा होता. आई कधी नाटकाला गेली नव्हती, ती शेळ्या जावेवर सोपवून एसटीनं आली. पियानो चुकून वाजू नये म्हणून नानासोंनी स्वतःच्या हातानं हातोड्यांच्या आणि तारांच्या मध्ये जुन्या पडद्याचं जाड कापड कोंबलं. विंगेत यशराजनं कीबोर्ड लावला. तो बिचारा सरळ मुलगा, तिच्याकडं बघून ओशाळं हसला.

मंगलताई पावडर लावून आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं. "आज गळा काय लागलाय म्हणून सांगू," त्या म्हणाल्या. "यशराज, काळी चार."

यशराजनं बटण दाबलं.

उत्कर्षा ते ऐकून पियानोशी जाऊन बसली. मग पडदा गेला, उजेड पडला आणि पद सुरू झालं. तिला फक्त हात हलवायचे होते. तिनं हात हलवले नाहीत, ती वाजवायला लागली. सूर न् सूर. दोन काळ्या, एक पांढरी. हातोड्या कापडावर पडत होत्या, तिला बोटांखाली बारीक ठक् ठक् जाणवत होतं आणि आवाज मात्र मागून, विंगेतून येत होता. मंगलताईंनी शेवटची तान घेतली तेव्हा प्रेक्षागृह टाळ्यांनी भरून गेलं. कुणीतरी ओरडलं, "वा, पियानो!" उत्कर्षानं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

प्रयोग संपल्यावर माणसं पांगली. हमाल अजून यायचे होते. आई पिशवी खांद्याला लावून रंगमंचावर आली, फळ्यांवर जपून पावलं टाकत.

"लय ग्वाड वाजीवलंस गं. माज्या शेजारची बाई बी म्हनली."

उत्कर्षाला 'व्हय' म्हणता आलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं.

"मी न्हाई वाजीवलं आई."

"आँ?"

"आवाज त्या पोराचा हुता, आतनं. ह्येच्यात कापड कोंबलंय." तिनं वरचं झाकण उचलून दाखवलं.

आईनं वाकून आत बघितलं. तारा बघितल्या, हातोड्या बघितल्या, कापड बघितलं. "मग तुजी बोटं काय करत हुती?"

"वाजवतच हुती."

"समदं?"

"समदं."

"बराबर?"

"काय म्हाईत," उत्कर्षा म्हणाली. "ऐकू कुठं येत हुतं?"

आईनं पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. "काड ते कापड," ती म्हणाली.

तेवढ्यात दोन हमाल दोरखंड घेऊन आले. "ताई, टेम्पो लागलाय."

"थांब रं बाबा जरा," आई म्हणाली. "पोरीचं व्हायचंय आजून."

हमालांनी एकमेकांकडं बघितलं आणि ते दोरखंडावरच बसले. उत्कर्षानं कापड ओढून काढलं, त्याबरोबर धूळ उडाली. ती स्टुलावर बसली आणि पदाची पहिली काळी पट्टी दाबली. रिकाम्या नाट्यगृहात तो सूर एवढा मोठा झाला की ती स्वतःच दचकली. मग ती पुढं गेली. पहिली ओळ नीट गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत अनामिका घसरली आणि सूर भसकन चुकला. ती थांबली. मघाशी, टाळ्या पडायच्या आधी, इथंच चुकलं असणार.

आईला चूक कळली नव्हती. ती नुसती उभी होती, हात पदरात घेऊन.

उत्कर्षानं ती ओळ पहिल्यापासून घेतली. या वेळी बोट जागेवर पडलं. तिनं पद शेवटापर्यंत नेलं आणि शेवटचा सूर विरेपर्यंत पट्टी दाबून धरली.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

तिनं झाकण लावलं, स्टूल बाजूला ओढलं आणि हमालांना म्हणाली, "उचला. ह्या अंगाला जड हाय, जपून."