अकराव्या घराचं पाणी

गल्लीत त्याला सगळे गटारसाहेब म्हणायचे. आधी पाठीमागे, मग तोंडावर. बायकोच्या ऑफिसात "ह्या गटारसाहेबांच्या मिसेस" अशी तिची ओळख करून दिली गेली, तेव्हा तिने दोन दिवस अबोला धरला होता. त्याला स्वतःला मात्र त्या नावाचं वाईट वाटत नव्हतं. उलट आतून बरंच वाटायचं. नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात तो इन्स्पेक्टर होता. कुणाकडे जेवायला गेला की ताटावर बसण्याआधी त्यांची मोरी बघून यायचा. खरकटं जाळीत अडतं का, उरलेलं तेल कुठे ओतता, सगळं विचारायचा. बिचारी घरातली बाई वाढायचा डाव हातात धरून उत्तरं देत उभी.

नियम तसे साधे होते. रस्त्याखाली दोन लाइनी. एक ड्रेनेजची, घरातलं सगळं घाण पाणी नेणारी. दुसरी पावसाळी, फक्त पावसाचं पाणी थेट ओढ्यात सोडणारी. कुणी घाण पाणी पावसाळी लाइनला जोडलेलं सापडलं, तर चोवीस तासांत त्याचं तोंड बुजवायचं आणि सील ठोकायचं. पण त्याआधी त्या घराच्या मोरीत रंग टाकायचा आणि तो कुठे निघतो ते डोळ्यांनी बघायचं. रंग टाकल्याशिवाय सील नाही! नव्या माणसांना शिकवताना हे वाक्य तो टेबलावर बोट आपटून म्हणायचा.

आणि नेमकं हेच त्याने केलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी तक्रार आली. ओढ्याच्या तोंडाशी वास मारतोय, फेस येतोय. पाऊस नाही, म्हणजे पावसाळी लाइन कोरडी ठणठणीत असायला हवी. ती लाइन त्याच्याच गल्लीतून जात होती आणि तिच्यावर अकरा घरं होती. त्याने फेस बघितला आणि तडक कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेला. लाँड्री चालवणारी बाई एकटी होती. पुढे दुकान, मागे धुण्याची मोरी, संडास आणि राहायची खोली. सगळी गल्ली तिला लाँड्रीताई म्हणायची.

"साहेब, माझं पाणी ड्रेनेजलाच जातं," ती म्हणाली. "रंग टाकून बघा की."

रंगाची पाकिटं संपली होती. नवी यायला वेळ होता. पण दुकानासमोर दहा माणसं जमली होती आणि दहा माणसांसमोर गटारसाहेबाला थांबता येत नसे.

"रंग कशाला? फेस दिसतोय ना! फेस काय आभाळातून पडतो?"

लोक हसले. ती हसली नाही, भांडलीही नाही. हातातली ओली चादर पिळत राहिली. त्याच दुपारी तिच्या मोरीचं तोंड सिमेंटने बुजलं आणि दारावर लाल कागद लागला. यादीत उरलेल्या घरांपुढे त्याने लिहिलं, "तपासलं, ठीक." अकरावं घर त्याचं स्वतःचं. त्याच्यापुढेही "तपासलं, ठीक" लिहिलं. आता आपलं घर आपण काय तपासायचं?

पण वास काही जाईना. लाँड्री बंद, ताई दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसलेली, आणि फेस रोज सकाळी येतोच आहे. शेवटी मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. "रंग आलाय. अकराही घरं नीट तपासा." बरोबर दिला मुकादम. हा मुकादम म्हणजे तीस वर्षं चेंबरमध्ये उतरलेला माणूस, तोंडाने तिखट आणि रिटायरमेंटला चार महिने उरलेला.

मुकादमाने यादी डोळ्यांजवळ धरली. "साहेब, ह्या अकराव्यापुढे ठीक लिहिलंय. रंग टाकून लिहिलंय का?"

"माझं घर आहे ते, मुकादम."

"म्हणून तर विचारलं."

मुकादम जाऊन ओढ्यावर उभा राहिला आणि गटारसाहेब एकेका घरात रंग टाकत निघाला. हिरवा रंग मोरीत ओतायचा, वर बादलीभर पाणी, मग दारासमोरचं ड्रेनेजचं झाकण उघडून वाट बघायची. तीन-चार मिनिटांत हिरवं पाणी यायचं. मुकादम फोनवर सांगायचा, "इथे काही नाही." एक झालं, दोन झाली, असं करत तो दहाव्या घरापर्यंत आला. सगळ्यांचं पाणी सरळ आपल्या वाटेने गेलं. लाँड्री तर बंदच होती, त्यामुळे तिला वगळलं.

साडेअकराला तो स्वतःच्या घराकडे वळला. एरवी या वेळी तो कधी घरी नसायचा. बायको कामावर, घरात एकटी म्हातारी आई. तो मागच्या दाराने गेला तर दारातून लाँड्रीताई बाहेर पडत होती, काखेत कसलंसं गाठोडं. त्याला बघून ती दचकली आणि गाठोडं पदराआड घेतलं.

त्याचं डोकंच सणकलं. "आता आईकडून वशिला लावता होय? सांगून ठेवतो, असं रडगाणं गाऊन सील निघत नसतं."

दारात काठी टेकून उभी असलेली आई काहीतरी बोलायला गेली. लाँड्रीताईने तिच्याकडे एकदा बघितलं, अगदी पटकन, आणि मान खाली घातली.

"चुकलं साहेब," ती म्हणाली आणि निघून गेली.

आई आत जाऊन पलंगावर बसली. त्याने बाथरूममध्ये रंग ओतला, वर पाणी ओतलं आणि बाहेर येऊन झाकण उघडलं. तीन मिनिटं झाली. चार झाली. सहा झाली. चेंबरचा तळ कोरडा. तो वाकून बघत राहिला, जणू वाकल्याने पाणी येणार होतं.

फोन वाजला. "साहेब," मुकादम म्हणाला, "हिरवं आलं."

आता, आपण विसरलो होतो असं म्हणायला त्याला जागा होती. अकरा वर्षं झाली होती. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, ती सोमवारी घरी येणार, आणि अंगणाच्या टोकाशी असलेल्या जुन्या संडासापर्यंत तिला चालवणार नव्हतं. म्हणून तो पाडून तिच्या खोलीला लागून ही बाथरूम घाईघाईने बांधली. जुन्या पाइपाला उतार मिळेना. नवी लाइन टाकायची तर रस्ता खोदायची परवानगी हवी, तिला तीन आठवडे. पावसाळी पाइप मात्र भिंतीलगतच होता. त्यानेच प्लंबरला सांगितलं होतं, "तात्पुरतं ह्याला जोड. नंतर बघू." पुढे त्याच बाथरूममध्ये कपडे धुवायचं मशीन आलं. बायको रोज सकाळी ते लावून कामावर जायची. फेस तिथला होता.

आणि खरं सांगायचं तर तो पुरता विसरलाही नव्हता. लाँड्रीच्या दारावर लाल कागद चिकटवताना मनात काहीतरी टोचलं होतं. त्याने ते झटकून टाकलं होतं, चपलेतला खडा झटकावा तसं. लोकांच्या मोऱ्यांत डोकं घालून हिंडणाऱ्या माणसाने स्वतःच्या मोरीकडे पाठ फिरवली होती, तीही ठरवून.

मुकादमाने फोन ठेवला नव्हता. मग म्हणाला, "साहेब, रंगावर काही नाव लिहिलेलं नसतं. तुमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर जुनं कनेक्शन सापडलं, असं लिहितो. रविवारी गुपचूप तुमचं फिरवून घ्या. लाँड्रीचं सील महिनाअखेरीस निघेलच. कुणाला कळायचं नाही."

"लिहा," तो म्हणाला.

झाकण लावून तो आत आला. आईच्या खोलीत घड्या घातलेल्या चादरी होत्या. चार, पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्री केलेल्या. त्या इस्त्रीची घडी त्याला ओळखीची होती. गल्लीत तशी घडी एकच बाई घालायची.

"आई, ह्या कुणी धुतल्या?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. उलगडलं, परत गुंडाळलं. पंचाऐंशी वर्षांची बाई, आणि पोराच्या नजरेला नजर देईना.

"अरे, रात्री कळत नाही मला," ती शेवटी म्हणाली. "होऊन जातं. दोन वर्षं झाली. तुला कसं सांगू? सुनेला कसं सांगू? ते मशीन मला चालवता येत नाही, आणि वाळत घातलं की तुम्हाला दिसणार. मग तीच म्हणाली, आजी, ते दोघं कामावर गेल्यावर मी येत जाईन. ती नेते, धुते, आणून देते. पैसे घेत नाही, बोलत नाही कुणाला."

"पण तिची मोरी तर..." तो थांबला. मोरी कुणी बुजवली होती?

"पुलापलीकडे भाऊ राहतो ना तिचा. त्याच्याकडे घेऊन जाते, हाताने धुते. मी म्हटलं, बाई, आता नको. माझ्या लेकाने तुझं दुकान बंद केलं, आणि तू माझी घाण वाहतेस? तर म्हणाली, आजी, त्यात तुमच्या चादरीचा काय दोष?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'चुकलं साहेब' हे तिचे शब्द अजून मागच्या दारात होते, आणि त्यांच्यापाशी तो म्हणालेला 'वशिला'ही. आईची अब्रू राखायला ती त्याच्या शिव्या खाऊन गेली होती. आणि त्याने काय केलं? रिकाम्या प्लॉटवर ढकलून मोकळा झाला. लाज त्याच्या कानांपर्यंत चढली. थू आपल्यावर, असं त्याला वाटलं, अगदी ह्याच शब्दांत.

त्याने मुकादमाला फोन लावला. "ते लिहू नका. अकरावं घर लिहा. माझं."

"लिहिलंच नव्हतं," मुकादम म्हणाला. "म्हटलं, साहेब जेवेपर्यंत थांबावं."

"आणि सिमेंट घेऊन या. छिन्नी-हातोडाही आणा."

आधी त्याच्या घराचं तोंड बुजलं. मुकादमाने सिमेंट लावलं, लाल कागद त्याने स्वतःच्या हाताने चिकटवला, पुढच्या दारावर, सगळ्यांना दिसेल असा. मग तो कोपऱ्यावर गेला. माणसं जमलीच होती. त्या दिवशी दहा होती, आज वीस होती. गल्लीत असल्या बातमीला पाय लागतात.

"ओढ्यातली घाण माझ्या घरची होती," तो म्हणाला. आवाज नीट निघेना, म्हणून परत म्हणाला. "माझ्या घरची. अकरा वर्षांची. मी रंग न टाकता ह्यांना सील केलं. चूक ह्यांची नव्हती."

मागून कुणीतरी म्हणालं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" लोक हसले, आणि या वेळी ते त्याला हसले. त्याने ते ऐकून घेतलं. चादरींबद्दल मात्र तो चकार शब्द बोलू शकत नव्हता. सर्वांत मोठे आभार त्याच्या तोंडात अडकून राहिले, कारण ते मानायचे तर आईला उघडं पाडावं लागलं असतं.

तो छिन्नी घेऊन मोरीकडे वाकला तशी लाँड्रीताई पायरीवरून उठली.

"थांबा. फोडल्यावर आधी रंग टाका."

"त्याची गरज नाही ताई, मला माहीत आहे की..."

"तेव्हाही तुम्हाला माहीतच होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमच्या शब्दावर माझं बंद झालं. आता नुसत्या तुमच्या शब्दावर उघडायला नको. सगळ्यांसमोर रंग टाका."

त्याने सिमेंट फोडलं. रंग टाकला, पाणी टाकलं, रस्त्यातलं ड्रेनेजचं झाकण उघडलं. वीस माणसं भोवती वाकली. तीन मिनिटांत हिरवंगार पाणी आलं, जिथे यायला हवं तिथेच. ताईने खात्री करून घेतली, तो लाल कागद दारावरून सोलून काढला, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. सकाळी स्वतःच्याच ऑफिसच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहून रस्ता खोदायच्या परवानगीचा अर्ज दिला. पलीकडच्या कारकुनाने वर न बघता सांगितलं, "तीन आठवडे." बायको आठ दिवसांचे कपडे घेऊन बहिणीकडे गेली. जाताना ती बोलली नाही, पण ते आता त्याला नवीन नव्हतं. आईला शेजारच्यांनी त्यांचा संडास वापरू दिला होता.

साडेअकराला मागचं दार वाजलं. लाँड्रीताई होती. त्याला दारात बघून ती घुटमळली. गाठोडं त्याच्या हातातच होतं, पहाटे त्यानेच बांधलं होतं. आई आत भिंतीकडे तोंड करून पडली होती, झोपल्यासारखी.

"मला कळलंय," तो हळूच म्हणाला. "आता मी धुईन. इतके दिवस तुम्ही..."

ती गाठोड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "धुवा. धुवायलाच पाहिजे तुम्ही. पण साहेब, पाणी कुठे सोडणार?"

पंधरा वर्षं लोकांना हाच प्रश्न विचारत आला होता तो.

"चला," ती म्हणाली. "माझी लाइन सरळ आहे. काल बघितलीत ना?"

ती पुढे निघाली. गाठोडं काखेत घेऊन तो तिच्या मागोमाग गल्लीतून चालू लागला, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. गाठोड्यात काय आहे असं कुणी विचारलं, तेव्हा "माझं धुणं आहे," असं त्याने सांगितलं.