सबंध गठ्ठाच गेला

त्या वकिलांना सगळं कोर्ट कुलूपराव म्हणत असे, आणि हे नाव आपण कमावलं आहे अशी त्यांची समजूत होती. फोनला कुलूप, फोनमधल्या फाइलींना वेगळं कुलूप, कचेरीतल्या लोखंडी कपाटाला तर दोन. गेल्या वर्षी त्या कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवेना, म्हणून कपाट कापून उघडावं लागलं होतं. ही गोष्ट मात्र ते कुणाला सांगत नसत. बुधवारी त्यांनी वकिलांपुढे तासभर व्याख्यान दिलं, मोबाइलवरून कागद कसे पाठवावेत आणि अशिलाचा विश्वास कसा जपावा यावर. "एक कागद, एक माणूस, एक पासवर्ड," असं ते टेबलावर बोट आपटून तीनदा म्हणाले. टाळ्याही पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण कुणासाठी जन्माला आली ते गुरुवारी सकाळी साडेअकराला ठरलं.

झालं असं. कुलूपरावांच्या एका अशिलाचा, शिवण शिकवणाऱ्या एका बाईंचा, मुलीच्या ताब्यावरून नवऱ्याशी दावा चालू होता. घर सोडल्यावर बाईंनी आठ वर्षांच्या मुलीला ज्या शाळेत घातलं, तिथून नवऱ्याने तिला परस्पर उचलून नेलं होतं. तीन दिवस पोरीचा पत्ता नव्हता. आता घर नवं आणि शाळाही नवी, नवऱ्याला ठाऊक नसलेली. त्या शाळेचा दाखला बाईंनी एका अटीवर दिला होता, की तो फक्त न्यायाधीशांनी पाहायचा. "काळजीच सोडा," असं कुलूपराव तेव्हा छाती काढून म्हणाले होते.

गुरुवारी विरुद्ध बाजूच्या वकीलबाईंनी दाव्यातल्या कागदांची यादी मागितली. यादी म्हणजे एक पान. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या बसल्या कुलूपरावांनी ऐटीत फोन काढला, बाजूचा तरुण वकील बघतोय ना याची खात्री केली आणि लिंक पाठवली. ती यादीची नव्हती, सबंध फोल्डरची होती. तीस वर्षं त्यांच्या हाताला एकच सवय, एका दाव्याचा एकच गठ्ठा. कागदाच्या गठ्ठ्यातून हवं ते पान काढून द्यायचं आणि फीत पुन्हा बांधायची. फोनवर मात्र त्यांनी पान न काढता गठ्ठाच समोरच्याच्या हातात ठेवला.

दहा मिनिटांत वकीलबाईंचा फोन आला. "अहो कुलूपराव, मी यादी मागितली, तुम्ही सगळं बिऱ्हाडच धाडलंत! वरचाच कागद शाळेचा होता. नाव दिसलं तसा बंद केला. माझ्या अशिलाला मी काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही. आधी ती लिंक बंद करा. माझा पुकारा झालाय, दीड वाजेपर्यंत फोन बंद राहील."

कुलूपरावांच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईने त्यांनी लिंक बंद केली. खाली बारीक अक्षरांत नोंद होती: फोल्डर दोनदा उघडला गेला. वकीलबाईंच्या बोलण्यावरून तर त्यांनी एकदाच उघडला होता. मग दुसरं कोण?

यापुढची वीस मिनिटं त्यांच्या आयुष्यातली सर्वांत हुशारीची होती. एक म्हणजे, नुकसान झाल्याचा पुरावा नाही. शिवाय, अशिलाला उगाच घाबरवणं बरं नव्हे. आणि शेवटी, झाकली मूठ सव्वा लाखाची. असले मुद्दे समोरच्या वकिलाने मांडले असते, तर कुलूपरावांनी दोन मिनिटांत त्यांच्या चिंध्या केल्या असत्या. स्वतःचे असल्यामुळे ते फार पटत होते. मधेच बायकोचा फोन आला.

"डबा खाल्लात का? आवाज का असा येतोय?"

"कुठे काय? घसा जरा."

तिला सांगून मन हलकं करावं, तर तेही चालण्यासारखं नव्हतं. अशिलाची गोष्ट घरी बोलू नये, हेही त्यांनीच बुधवारी सांगितलं होतं. फोन ठेवला आणि त्यांना त्या मुलीची आठवण झाली. एकदा आईबरोबर कचेरीत आली होती, खुर्चीवर न बसता दाराकडे तोंड करून उभी राहिली होती. कुलूपरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली. शिवणवर्गात शिकवताना बाई फोन कपाटात ठेवत, म्हणून ते काळा कोट घातलेलेच घाम पुसत चालत निघाले.

शिवणवर्गात वीस यंत्रं एकदम चालली होती. बाई कुणाला तरी कॉलर बसवून दाखवत होत्या.

"म्हणजे त्याचं असं आहे," कुलूपरावांनी सुरुवात केली, "काही तांत्रिक कारणांमुळे..."

"साहेब, सरळ सांगा."

"माझी चूक झाली. शाळेचा दाखला समोरच्या वकीलबाईंकडे गेला. दोनदा उघडला गेलाय. एकदा त्यांनी. दुसऱ्यांदा कोणी, ते मला माहीत नाही."

बाईंनी कात्री खाली ठेवली. "शाळा दीडला सुटते," एवढंच म्हणाल्या आणि पर्स उचलली.

रस्ताभर त्या झपाझप पुढे चालत राहिल्या. शाळेचं फाटक दिसायला लागल्यावर म्हणाल्या, "मागच्या वकिलांकडूनही पत्ता असाच गेला होता. मला कधी कळलं, तर शाळेतून फोन आला तेव्हा. मुलीला तिचे बाबा घेऊन गेले म्हणून."

कुलूपराव फाटकाशी पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. बाईंच्या नवऱ्याचा त्यांनी फक्त फोटो पाहिला होता, त्यामुळे येणारा प्रत्येक पुरुष त्यांना तोच वाटत होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे त्यांनी इतकं रोखून पाहिलं, की त्या बिचाऱ्यांनी न विचारताच सांगितलं, "नातवाला न्यायला आलोय हो!"

दीडला पाच कमी असताना फोन वाजला. वकीलबाई. "तुमचे सात निरोप पाहिले. दुसऱ्यांदाही मीच ती! फोनवर अक्षरं दिसेनात, म्हणून माझ्या लॅपटॉपवर उघडलं. आणखी कुणी नाही. शपथेवर सांगते."

कुलूपरावांनी ते शब्दन् शब्द बाईंना सांगितलं आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले. डोळे भरून आले. सुटलो, असं ते मोठ्याने म्हणालेही.

बाई सुटल्यासारख्या दिसत नव्हत्या. "फोन काढा. तो दाखला पुसून टाका. मूळ कागद माझ्याकडे आहे, न्यायाधीशांना मी स्वतः हातात नेऊन दाखवीन."

त्यांनी पुसला. "झालं," म्हणाले.

"आता कचऱ्याच्या डब्यातून काढा. तिथे तो तीस दिवस राहतो."

कुलूपरावांनी डोकं खाजवलं. तो डबा फोनमध्ये कुठे असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला, दोनदा बोट फिरवलं आणि परत दिला. कुणी शिकवलं, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं.

घंटा झाली. पोरांच्या लोंढ्यातून मुलगी आली, आईचं बोट धरलं आणि काळ्या कोटाकडे संशयाने पाहिलं.

"हे कोण?"

"वकील."

"आपले?"

बाईंनी आधी मुलीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. तीस वर्षांत इतक्या निकालांची वाट पाहिली, पण ती एवढी लांब कुलूपरावांना कधी वाटली नव्हती.

"आपले," बाई म्हणाल्या. "चुकले तर येऊन सांगतात."