सहाणेवरचे जास्तीचे वळसे

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. आता रांजणामागे धूळ खात पडले आहे, पण एके काळी या घरात तान्ह्या बाळाच्या खालोखाल मान होता मला. चुकून कुणाचा पाय लागला तर लगेच हात जोडायचे.

कचरू पाथरवटाने मला टाकीने घडवले आणि जांब समर्थच्या जत्रेत विकायला मांडले. तिथून आसराबाई मला पदराखाली घेऊन आली. तिला पहिले लेकरू व्हायचे होते. पुढे तिच्या चारही लेकरांची गुटी माझ्यावरच उगाळली गेली. गुटीचे काम मोजूनमापून करावे लागते. दुधाचा थेंब टाकायचा आणि मुळी माझ्या पोटावर गोल फिरवायची, की झाला एक वळसा. वेखंडाचा एक, बाळहिरड्याचे दोन, आणि जायफळाचा जेमतेम अर्धा, कारण जायफळाने गुंगी येते. आसराबाईचा हात मोठा पक्का. शेजारणी म्हणायच्या, "आसराबाईची गुटी म्हंजी बिलकुल बराबर." मी दगड, पण ऐकून फुगायचे.

त्या चारांपैकी एक लेकरू मात्र पोट फुगून गेले. ती भीती तिच्या मनातून कधी गेली नाही, हे ध्यानात ठेवा. नाहीतर पुढची गोष्ट ऐकून तुम्ही तिच्यावर उगाच चिडाल.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती. घरात आसराबाईचा मुलगा सांडू, सून शिवकन्या आणि दहा महिन्यांचा नातू पुंजाराम. शिवकन्या दिवसभर कापूस वेचायला जायची. तिला दूध कमी पडू लागले, म्हणून पोराला वरचे खाणे सुरू केले. दुपारी आजी वरणाचे पाणी पाजायची, तोवर ठीक. गाडी अडायची ती संध्याकाळी. सून अंधार पडल्यावर यायची, मग चूल पेटायची, आणि तोवर पोर रडून बेजार. आसराबाईचे म्हणणे एकच, "पोट गच्च भरलं की लेकरू ढाराढूर झोपतंय." म्हणून अगदी झोपायच्या तोंडावर पिठल्यात भाकरी कुस्करून पोराला भरवायची. त्याने मान फिरवली तरी आणखी दोन घास कोंबायची. तासाभरात पुंजाराम पाय पोटाशी घेऊन किंचाळू लागे. सांडू वैतागून वाकळ उचलून ओट्यावर निघून जाई.

आता त्या पोराला दुखत होते पोट, आणि या बायका औषध शोधत होत्या झोपेचे! आसराबाईने जायफळाचा अर्ध्याचा एक वळसा केला, एकाचे दोन, दोनाचे चार. गुटी पाजून ती मला धुऊन ठेवी आणि मारुतीच्या देवळात भजनाला जाई. तिची पाठ वळली की शिवकन्या मला हळूच खाली घेई, पुन्हा जायफळ उगाळी आणि पोराला पाजी. सासू अजून अर्धाच वळसा देते, असे तिला वाटत होते. विचारायची सोय नव्हती, कारण सासूला वाटायचे सुनेला काही कळत नाही आणि सुनेला वाटायचे सासू रागावेल. माझा जीव टांगणीला लागला. पण दगडाला कुठले तोंड?

एका रात्री सासूने पाच वळसे दिले आणि तासाभराने सुनेने चार. नऊ वळसे झाले, आणि ते मोजणारी मी एकटीच होते. पोर गप्प झाले. सांडू खूश होऊन म्हणाला, "आज कसं गुमान झोपलं!"

सकाळी शिवकन्याने त्याला उचलले तर मान मागे लोळली.

"आत्याबाई, हे उठंना वो!"

सांडू धावत जाऊन बेबीनंदा नर्सबाईला घेऊन आला. तिने पापणी उघडून पाहिली. पोराचे तोंड लालबुंद झाले होते आणि ओठ कोरडे पडले होते. "काय देलं लेकराला?"

"पिठलं-भाकर," आसराबाई म्हणाली. "न् गुटी. रोजच्यासारखी."

"मावशे, डॉक्टरला बराबर सांगितलं तर इलाज व्हईल. झाकून ठेवलं तर लेकरू हातचं जाईल."

आसराबाईची पाचावर धारण बसली. "जायफळ... पाच वळसे."

शिवकन्या दाराआड पदर तोंडात धरून उभी होती. बोल गं बाई, बोल, मी मनातल्या मनात ओरडत होते. ती तिथेच खाली बसली. "म्या बी देलं. चार."

सासूचा हात मारायला वर गेला आणि स्वतःच्याच कपाळावर येऊन आदळला. रागवायला वेळच नव्हता. पोराला घेऊन सगळे अंबडच्या दवाखान्यात गेले. दोन दिवस घर बंद होते. त्या रात्री सून मला धुवायची विसरली होती, म्हणून माझ्या अंगावर ती गुटी तशीच वाळली. तिची मला इतकी शिसारी कधी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार उघडले, आणि आधी कानावर आले ते पुंजारामचे रडणे. सांगते तुम्हाला, त्याच्यासारखे गोड मी आजवर काही ऐकले नाही.

नर्सबाई आली, तिने जायफळ उचलून बाहेर भिरकावले. "रोग लेकराच्या अंगात नव्हता, ताटात व्हता. पिठलं, हरभरा संध्याकाळी बंद. दिवेलागणीलाच मुगाची मऊ खिचडी द्या, न्हाईतर ज्वारीच्या कण्या गिच्च शिजवून. तिखट न्हाई. लेकरानं मान फिरवली की थांबायचं. न् जेवल्याबरोबर आडवं करायचं न्हाई."

त्या संध्याकाळी शिवकन्या वेचणी सोडून लवकर आली. खिचडी आसराबाईने शिजवली, घास सुनेने भरवले. सातव्या घासाला पोराने मान फिरवली. "अजून दोन..." म्हणता म्हणता आसराबाईने जीभ चावली. तासाभराने झोळीत टाकल्यावर पुंजाराम एकदा कुरकुरला. आसराबाईचा हात सवयीने माझ्याकडे वळला. मी धास्तावले. पण सुनेने तो हात धरला, झोळीच्या दोरीवर ठेवला, आणि दोघींनी मिळून झोका दिला. पोर झोपले. तरी त्या उठल्या नाहीत. कालपरवापर्यंत त्यांना त्याच्या रडण्याची भीती वाटायची, आता झोपेची वाटत होती. दोघी त्याचा श्वास बघत बसल्या.

तेव्हाच मला रांजणामागे टाकले. सुरुवातीला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या घरात लेकरू रडले, तर त्याला गप्प कसे करायचे हे आधी विचारू नका. संध्याकाळी ते काय जेवले, किती आणि केव्हा, ते विचारा. आणि त्याला जे काही पाजाल, ते घरात एकमेकांना सांगा. मी दगड होते म्हणून गप्प राहिले. तुम्हाला तर तोंड आहे.