सरकत्या जिन्यावरचा मानपान

समीक्षाच्या लग्नाचा बस्ता चौकातल्या नव्या कापडदुकानात बांधायचा ठरला. सरकता जिना असलेलं दुकान पंचक्रोशीत तेवढं एकच. नवऱ्यामुलाचे वडील आबाजी कुंभिवलीचे. चहाचा पहिला कप दुसऱ्याला दिला म्हणून त्यांनी मागे पुतण्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्यामुळे मुलीचा बाप पदू टेंपोत बसल्यापासून दबकून होता. आज कुठं चुकलं, तर पोरीचं लग्न गेलं.

जिन्याच्या पायथ्याशी रखवालदार ओरडत होता, "पट्टा धरा! पदर खोचा! वर पोचलात की थांबू नका!"

बायकांनी पट्टा धरला नाही, एकमेकींचे हात धरले. ओढा ओलांडताना धरतात तसे.

"पडलीस तर मला सोड गं," येसूबाई आपल्या जावेला, पदूच्या बायकोला म्हणाली.

"सोडते कशाला? संगट नेते," सुनंदा म्हणाली.

पदू आणि आबाजी सर्वांच्या पुढं होते. वर पाय टेकताच पदू तिथंच थबकला, हात जोडले. "व्याही, आधी तुमी."

"छे छे, तुमी व्हा," आबाजींनीही हात जोडले.

"असं कसं? मान तुमचा हाय."

मान कुणाचा, याच्याशी जिन्याला काही घेणं नव्हतं. तो माणसं वर आणत राहिला. सुनंदा पदूच्या पाठीवर आदळली आणि मागं कोसळली. हात कुणीच न सोडल्यामुळे येसूबाई गेली, तिच्यामागं साऱ्या जावा-नणंदा. लोखंडी कडांवर कपाळं फुटली. सुनंदाचा पदर वरच्या दात्यांत ओढला गेला, गळ्याशी आवळला, आणि खालून पायऱ्या तिची नडगी सोलू लागल्या.

"लाल बटण दाबा!" रखवालदार खालून किंचाळला.

बटण आबाजींच्या मागं होतं. आबाजी अजून हात जोडूनच उभे. पदूने त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. ते शेरवानीतल्या पुतळ्यावर गेले. पुतळ्याचं डोकं सुटलं आणि आबाजींचं मनगट काडकन वाजलं. पदूने बटणावर मूठ हाणली. जिना गचका देऊन थांबला, तेव्हा तोवर सावरून उभे असलेलेही पडले.

समीक्षा आणि नवरामुलगा नीलेश साध्या जिन्याने आधीच वर पोचले होते. समीक्षाने काउंटरवरची कात्री उचलून पदर कापला. सुनंदाने श्वास घेतला, तो शिवीसकट.

"मुलाच्या बापावर हात!" आबाजी फरशीवरून गरजले. "लग्न मोडलं! नीलेश, चल!"

नीलेश सुनंदाच्या नडगीवर कोऱ्या शालूची घडी दाबून बसला होता. शालू भिजत चालला होता. पदू त्याच्या हातांकडे बघत राहिला.

"चल म्हणतो ना!"

"हात काढला तर रक्त सुटतं, आबा," नीलेश मान वर न करता म्हणाला. "आईंना दवाखान्यात पोचवतो. तुमी टेंपोत बसा."