बरणीतली द्यामव्वा

गावदेवी द्यामव्वाची जत्रा होऊन तीन आठवडे झाले आणि आमच्या गावचं सांडपाण्याचं तळं कुंकवासारखं लाल झालं. त्या दिवशी बांधावर जेवढी माणसं आली, तेवढी माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीत मिळून आली नव्हती.

गावातल्या संडास-मोऱ्यांचं पाणी या तळ्यात येतं, उन्हावाऱ्यात निवळतं आणि मग उसाला जातं. जाळीत अडकलेला केर काढायचा, गाळ उपसायचा, हे माझं काम. बांधावरच माझी खोली. माझ्या हातचं पाणी गावात कुणी पीत नाही. एकटी नीलव्वा तेवढी, लेकीला कडेवर घेऊन जाता-येता हाक मारायची.

"द्यामव्वा आली," परगावाहून आलेला रुद्रय्या स्वामी काठावर आसन मांडून सांगत होता. "आईनं ओटी उघडलीय. अंगाला लावा, खरूज जाईल. पोटात घ्या, मूल होईल. कोर्टात शिंपडा, निकाल लागेल."

"जज्जावर शिंपडायचं की वकिलावर?" मी विचारलं.

"पारक्का, तू तर आईची पहिली पुजारीण," तो गोड हसून म्हणाला.

नऊ वर्षांत मला कुणी अक्का म्हटलं नव्हतं. बायका माझ्या ओट्यावर टेकू लागल्या, भाकरी-शेंगाचटणीचं फडकं सोडून माझ्याशी सुखदुःखाचं बोलू लागल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. नोकरीला लागताना साहेबांनी सांगितलेलं, म्हणून लाल रंगाचं कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी मी तोंड मिटून बसले. त्याची लाज अजून वाटते.

आमच्याकडे प्रसाद उकिरड्यावर टाकत नाहीत, पाप लागतं. पाण्यात सोडतात. यंदा ओढा आटलेला, म्हणून जत्रेच्या पंगतीत उरलेली गव्हाची हुग्गी लोकांनी घागरी-घागरीनं गटारात ओतली. ती सगळी गोड खीर तळ्यात आली.

मनाला चैन नव्हतं. खात्री करायला लोणच्याची काचेची बरणी घेतली. तळाशी तळ्यातला काळा गाळ, वर हातपंपाचं पाणी, त्यात घरी शिजवलेली दोन चमचे हुग्गी. झाकण लावून खिडकीत उन्हाला ठेवली. महिनाभरात तीही लाल झाली.

त्याच आठवड्यात शुक्रवारी नीलव्वा आली. तिच्या अकरा महिन्यांच्या चिन्नीचं अंग खरजेनं भरलं होतं.

"पारक्का, स्वामी म्हणाले, आज हिला तीन घोट पाजायचे."

मग मात्र मला बसवेना. बरणी नेऊन स्वामीपुढे ठेवली. "ही कोण?"

"आईचंच रूप," तो म्हणाला.

"मग आई माझ्याकडे हुग्गी खायला आली म्हणायची. पाणी हातपंपाचं, गाळ या तळ्यातला, मंत्र कुणी म्हटला नाही. पाण्यात खाणं फार झालं की त्यातली हवा संपते आणि उन्हावर लाल जिवाणू माजतात. बाकी आहे तो अख्ख्या गावाचा संडास. तीर्थच असेल तर आधी तुम्ही तीन घोट घ्या."

"माझा उपवास आहे."

"तीर्थानं उपवास मोडतो?"

कुणीतरी हसलं. एक म्हातारी पुटपुटली, "हिनं आईला बरणीत कोंडलं गं." नीलव्वानं हातातली वाटी तळ्यात ओतली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. संध्याकाळच्या गाडीनं स्वामी गेला. दुसऱ्या दिवसापासून बांधावर मी आणि बगळे.

तळं आता हिरवं झालंय. राग स्वामीवर कुणाचा नाही, माझ्यावर आहे. असू दे. पण बाबांनो, उद्या कुणी काही पाजायला सांगितलं तर एवढं विचारा: हे कुठून आलं, कशानं झालं, आणि सांगणारा स्वतः पितो का? विचारल्यानं कुठलाही देव रागावत नाही.

नीलव्वा आता लांबच्या वाटेनं जाते. दवाखान्यातल्या मलमानं चिन्नीची खरूज गेली, ती चालायलाही लागली म्हणे. मी अजून पाहिली नाही.